‘मेकॅनिकल घे, त्यात सगळंच येतं’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

एरोस्पेस अभियांत्रिकी म्हणजे हवेतून आणि हवेच्या पलीकडे जाणाऱ्या यंत्रांची आखणी करण्याचे शास्त्र. विमान, हेलिकॉप्टर, ड्रोन, क्षेपणास्त्र, अग्निबाण आणि उपग्रह ही सगळी त्यात येतात. बी.टेक.च्या चार वर्षांत त्याचे चार मुख्य भाग शिकवले जातात. हवा यंत्रावर किती आणि कुठे बळ लावते हे वायुगतिशास्त्र सांगते. ते बळ सोसेल असा, तरीही हलका सांगाडा कसा करायचा हे रचनाशास्त्र सांगते. पुढे ढकलणारी शक्ती कुठून आणायची हा प्रणोदनाचा प्रश्न. आणि हे सगळे एकत्र जुळवल्यावर यंत्र सरळ जाईल की कोलांटी खाईल, हे उड्डाणयांत्रिकी आणि नियंत्रण या विषयात ठरते.

अहमदनगर, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्यात, बारावीचा निकाल आणि कॅप राउंड यांच्या मधल्या दिवसांत या पदवीबद्दल एक ठरलेला सल्ला ऐकू येतो. “मेकॅनिकल घे, त्यात सगळंच येतं. एरोस्पेसला नोकऱ्या नाहीत. आणि आपल्याकडं विमानं बनतात कुठं?” सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, बहुतेकदा तो स्वतः मेकॅनिकलचा असतो आणि त्याचे त्या शाखेने भले केलेले असते. पण ही तीन वेगळी विधाने आहेत. एका दमात म्हटली जातात म्हणून ती एकमेकांना आधार देतात असे वाटते. सुटी करून पाहिली तर पहिले चूक आहे, दुसरे अर्धे खरे आहे, आणि तिसरे नगरात बसून करावे याचे नवल वाटावे.

हा सल्ला इथे इतका पक्का का झाला, त्याला कारण आहे. या जिल्ह्यातले अभियांत्रिकी शिक्षण साखरेच्या पाठीवर बसून आले. लोणीचे प्रवरा, संगमनेरचे अमृतवाहिनी आणि कोपरगावचे संजीवनी ही तिन्ही महाविद्यालये 1983 ची, विनाअनुदानित महाविद्यालयांना राज्याने वाट मोकळी करून दिली त्या वर्षातली. आणि तिन्हींच्या मागे सहकारी साखर कारखान्यांची माणसे आणि पैसा होता. कारखान्याला टर्बाइन, बॉयलर, गिअरबॉक्स सांभाळणारा माणूस हवा होता. नगरच्या एमआयडीसीला आणि दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकला तोच हवा होता. मेकॅनिकलचा पदवीधर घराजवळ कामाला लागे, आणि चाळीस वर्षांचा हा अनुभव खोटा नाही. खोटा आहे तो त्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष, की यंत्र म्हटले की ते मेकॅनिकलच्या पोटात मावते.

तिसऱ्या विधानापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचे उत्तर नगर शहराच्या वेशीवर आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची (डीआरडीओ) वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली व्हीआरडीई, इथे आहे. नाव वाहनांचे, शेजारी आर्मर्ड कोअरचे केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र. त्यामुळे नगरकरांच्या मनात ती रणगाड्यांची आणि ट्रकची संस्था आहे. प्रत्यक्षात भारतात पहिल्यांदा तयार झालेल्या वांकेल जातीच्या विमान-इंजिनात तिचा वाटा आहे. ‘निशांत’ हे लष्करासाठी केलेले वैमानिकरहित टेहळणी विमान. त्याला आधी परदेशी इंजिन होते. त्याच्या जागी 55 अश्वशक्तीचे देशी इंजिन तीन संस्थांनी मिळून केले. इंजिनाचा गाभा, म्हणजे विशिष्ट आकाराचे सिलिंडर आणि त्यात फिरणारा रोटर, बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने (एनएएल) केला. प्रज्वलन आणि इंधन यंत्रणा नगरच्या व्हीआरडीईने. विमानाचे काम बंगळूरच्याच एडीई या डीआरडीओच्या संस्थेकडे होते. एप्रिल 2009 मध्ये कोलारच्या धावपट्टीजवळून हे इंजिन घेऊन निशांत उडाले.

हे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण मेकॅनिकल आणि एरोस्पेस यांची सीमारेषा नेमकी याच इंजिनातून जाते. वांकेल इंजिनात वर-खाली होणारा पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोलासारख्या, मध्ये किंचित आवळलेल्या पोकळीत फिरतो, आणि त्याच्या तीन बाजूंना हवा ओढणे, दाबणे, पेटवणे आणि बाहेर टाकणे ही कामे एकाच वेळी चालतात. इथवर सगळे मेकॅनिकलचेच आहे: ऊष्मागतिकी, त्रिकोणाच्या टोकांवरच्या सीलची झीज, वंगण, धातूवरचा लेप. पण हे इंजिन निवडले कशासाठी? वजन सुमारे 30 किलो आणि शक्ती 55 अश्वशक्ती, म्हणजे किलोमागे पावणेदोनहून जास्त. ट्रकच्या डिझेल इंजिनात किलोमागे अर्धी अश्वशक्तीही सहसा पदरात पडत नाही, आणि ट्रकवाल्याचे त्यावाचून काही अडतही नाही. रोटर फिरता असल्याने कंप कमी. टेहळणी विमानाच्या पोटात कॅमेरा असतो आणि इंजिन थरथरले की चित्र पुसट होते. तीन हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण तीनचतुर्थांश उरते आणि इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. घाटात ताकद घटलेला ट्रक खालच्या गिअरवर चढतो, नाहीच जमले तर कडेला उभा राहतो. विमानाला कडेला उभे राहता येत नाही. त्याला हवेत तरंगण्यासाठी किमान एक वेग लागतोच, आणि तो वेग हवा विरळ झाली की वाढतो. म्हणजे ताकद घटते त्याच वेळी मागणी वाढते. इंजिन, पंखा, पंख आणि उंची यांचा हा हिशेब एकत्रच करावा लागतो, आणि तो करायला शिकवणारी शाखा एरोस्पेसची आहे.

निशांतला चाके नव्हती. ट्रकवर बसवलेल्या प्रक्षेपकावरून ते हवेत फेकले जाई आणि पॅराशूटने खाली येई. तो प्रक्षेपक पुण्याजवळच्या दिघीच्या अभियांत्रिकी संशोधन आस्थापनेचा. सुमारे 380 किलोचे विमान सेकंदाच्या जेमतेम सहा दशांश वेळात सेकंदाला 45 मीटरच्या आसपास वेगाला जायचे. भागाकार केला की सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेसात पट निघते. त्या क्षणी 30 किलोचे इंजिन आपल्या बैठकीवर सव्वादोनशे किलोच्या वजनाइतके ओढ देत असते. बैठक मजबूत करायला लोखंड वाढवले तर विमान जड होते, आणि जड विमानाला आणखी वेग लागतो. या चक्रात कुठे थांबायचे, हा या पदवीतला रोजचा प्रश्न आहे.

निशांत पुढे टिकले नाही. लष्कराने घेतलेली विमाने अपघातांत गेली आणि 2015 मध्ये पुढची खरेदी थांबली. हे लपवण्याचे कारण नाही. उलट ते प्रतिवादाच्याच बाजूचे आहे. इंजिन उत्तम चालणे आणि विमान सेवेत टिकणे या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत. देशाला पहिली पास होणारे पुष्कळ मिळतात. दुसरीची तयारी करून घेणारे विभाग मात्र मोजके आहेत.

आता मूळ दावा: मेकॅनिकलमध्ये सगळे येते. काय काय येते ते आधी प्रामाणिकपणे मोजावे. गणित, स्थितिगती, ऊष्मागतिकी, पदार्थविज्ञान, द्रवगतिकीचा पाया, कंपनशास्त्र, उत्पादनप्रक्रिया हे दोन्हीकडे समान आहे, आणि पहिल्या दोन वर्षांतला बराचसा अभ्यास एकाच पुस्तकांतून होतो. फरक तिसऱ्या वर्षापासून उघडा पडतो.

मेकॅनिकलच्या द्रवगतिकीत नळातले पाणी, पंप आणि टर्बाइन असते. नळ अरुंद झाला की वेग वाढतो, हे तिथले पहिले शहाणपण. हवेचा वेग ध्वनीच्या तीन दशांशांपर्यंत असेल तर घनता जेमतेम पाच टक्के बदलते, म्हणून तोवर हवेलाही पाण्याचेच नियम लावून चालते. त्यापुढे नाही. ध्वनीहून वेगवान झोतात हे शहाणपण उलटे होते: वाट रुंद केली की वेग वाढतो. अग्निबाणाच्या इंजिनाचे तोंड घंटेसारखे पसरत का जाते, याचे उत्तर एवढेच आहे. हे दाबक्षम प्रवाहाचे शास्त्र बहुतेक मेकॅनिकल अभ्यासक्रमांत एखाद्या वैकल्पिक विषयापुरते असते किंवा नसतेच. एरोस्पेसमध्ये त्यावर सबंध सत्र जाते, आणि प्रवासी विमानाच्या पंखापासून क्षेपणास्त्राच्या टोकापर्यंत पुढचे सगळे त्यावर उभे राहते.

रचनाशास्त्राचेही तसेच. कारखान्यातला शाफ्ट किंवा हूक करताना अभियंता तिप्पट-चौपट सुरक्षा-गुणक धरतो आणि निवांत झोपतो. प्रवासी विमानाच्या सांगाड्याला सेवेत येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसता आला पाहिजे; गुणक दीड. त्याहून जास्त धरले तर विमान उडते, पण प्रवासी नेत नाही. हा गुणक परवडण्यासाठी भाराचा अंदाज, धातूचा थकवा, पातळ पत्र्याचे दाबाखाली सुरकुतणे आणि वेगात पंख फडफडू लागण्याचा धोका हे सगळे काटेकोर मोजावे लागते. तो काटेकोरपणा पोकळ पातळ कवचांच्या ज्या गणितातून येतो, ते गणित यंत्र-आरेखनाच्या पुस्तकात नाही.

आणि उड्डाणयांत्रिकी तर मेकॅनिकलमध्ये नाहीच. विमानाचा गुरुत्वमध्य एका ठराविक बिंदूच्या पुढे असला तर वाऱ्याच्या झोक्यानंतर विमान आपोआप सावरते. मागे गेला तर झोका वाढतच जातो. विद्यार्थ्यांच्या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानात बॅटरी चार बोटे मागे सरकवली तरी एवढे घडायला पुरते. ‘बाहा’ या विद्यार्थी-स्पर्धेसाठी गाड्या करणाऱ्या, हाताने कसबी असलेल्या मेकॅनिकलच्या संघांची पहिली मॉडेल विमाने याच कारणाने नाक वर करून आपटतात. वेल्डिंग निर्दोष, मोटर जोरकस, आणि विमान दहा सेकंदांत जमिनीवर.

हे उडेल का, ही परीक्षा ऐतिहासिक दाव्यांनाही लागू पडते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. प्राचीन विमानविद्येचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र या ग्रंथातल्या आराखड्यांचा 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी अभ्यास केला. भावनेला हात न घालता त्यांनी वजन, उचल आणि ढकल यांचे साधे हिशेब मांडले, आणि ती याने उडू शकत नाहीत व ग्रंथही विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे असा निष्कर्ष काढला. कागदावरचा आराखडा पाहून हे उडेल की नाही ते सांगता येणे, हे या पदवीचे सगळ्यात पहिले फळ.

विमान दूरचे वाटत असेल तर राहुरीला जावे. महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीतल्या ड्रोनवर काम चालते, आणि जिल्ह्यातल्या उसावर, कांद्यावर ड्रोनने फवारणी करणे आता नवलाचे राहिलेले नाही. दहा लिटर औषध घेतलेले, एकूण 25 किलोचे, सहा पंख्यांचे ड्रोन घेऊ; पंख्याचा व्यास 30 इंच. ते हवेत नुसते स्थिर राहण्यासाठी पंख्यांच्या पातळीत हवा सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने खाली ढकलावी लागते. त्याला आदर्श गणिताने दीड किलोवॉट आणि पंख्यांचे, मोटरचे नुकसान धरता अडीच किलोवॉटच्या आसपास शक्ती लागते. बॅटरीत 700 वॉट-तासांची ऊर्जा असेल तर भरल्या टाकीने हा खेळ सतरा मिनिटांचा, आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. टाकी रिकामी होऊन वजन 15 किलोवर आले की लागणारी शक्ती निम्म्याहून खाली येते, कारण ती वजनाच्या दीडाव्या घाताने बदलते. मधल्या वेळेत अर्धवट भरलेल्या टाकीत औषध हिंदकळते, गुरुत्वमध्य हलतो आणि नियंत्रकाला ते सतत सावरावे लागते. शिवाय तोच खाली जाणारा झोत औषधाचे थेंब उसाच्या पानांखाली पोचवतो किंवा शेजारच्या शेतात उडवतो. शेतकऱ्याची “लगेच बॅटरी का संपती?” ही तक्रार हेलिकॉप्टरच्या सिद्धांतातला पहिल्या धड्याचा प्रश्न आहे. विमाने आपल्याकडे बनत नाहीत म्हणणाऱ्यांच्या बांधावर विमान येऊन उभे आहे.

मेकॅनिकलवाल्यांच्या बाजूचे सगळ्यात भक्कम पुरावे मात्र अजून मांडायचे आहेत, आणि ते टाळणे बरे नव्हे.

पहिला पुरावा एस. सोमनाथ यांचा. चांद्रयान-3 उतरले तेव्हा इस्रोचे अध्यक्ष असलेले सोमनाथ कोल्लमच्या महाविद्यालयातून मेकॅनिकलचे पदवीधर झाले. त्यांच्यानंतर आलेले व्ही. नारायणन यांचीही सुरुवात मेकॅनिकलचीच. झाले की सिद्ध, असे सल्लागार म्हणतो. पण सोमनाथ पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत एरोस्पेसची पदव्युत्तर पदवी घ्यायला गेले आणि नारायणन यांनी खरगपूरच्या आयआयटीत क्रायोजेनिक अभियांत्रिकीचे एम.टेक. आणि पुढे एरोस्पेसमध्ये पीएच.डी. केली. मेकॅनिकलमध्ये सगळे येत असते तर त्यांना पुन्हा वर्गात बसायचे कारण नव्हते. ही वाट आहे, चांगली वाट आहे; पण तिच्यात दोन जादा वर्षे आहेत आणि गेटसारखी परीक्षा आहे. सल्ला देताना वाटेचा हा दुसरा अर्धा भाग सांगितला जात नाही, आणि पहिल्या अर्ध्यावर प्लेसमेंट मिळाले की बहुतेक जण तिथेच उतरतात.

दुसरा पुरावा पुण्याचा. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा एक किलोच्या आतला उपग्रह तयार केला आणि 22 जून 2016 रोजी तो पीएसएलव्ही-सी34 वरून कक्षेत गेला. त्यांच्याकडे एरोस्पेसचा विभाग नव्हता. अभिमान वाटावा असे काम, यात शंका नाही. पण त्याला आठ वर्षे लागली, आणि कक्षायांत्रिकी व दिशानियंत्रण विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाबाहेर, एका तुकडीने दुसरीला शिकवत जमवावे लागले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की पवईच्या आयआयटीत एरोस्पेसचा विभाग असूनही तिथल्या विद्यार्थ्यांच्या ‘प्रथम’ उपग्रहाला साधारण तेवढाच काळ लागला. तो सप्टेंबर 2016 मध्ये गेला. उपग्रह करणे हे बरेचसे इलेक्ट्रॉनिक्सचे आणि चिकाटीचे काम आहे. त्यावरून पंखाचा किंवा इंजिनाचा निवाडा होत नाही.

तिसरा पुरावा जुना आणि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. कारखाना उभा राहिला, युद्धकाळात विमानांची जुळणी आणि दुरुस्ती धडाक्यात सुरू झाली. पण विमानाची आखणी करणारी माणसे देशात नव्हती. ती तयार करण्यासाठी 1942 च्या अखेरीस भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला आणि तो उभा करण्याचे काम कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांच्याकडे आले. घाटगे यांच्याकडे विमान अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. पंखालगतच्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत मांडणारे ते हेच प्रांटल. पुढे घाटगे यांनी एचटी-2 हे प्रशिक्षण विमान आखले. ते 1951 मध्ये उडाले, आणि त्यावर वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. पदवीविना हे जमले, हा युक्तिवाद इथे उलटा फिरतो. कारखाना होता, यंत्रे होती, कुशल मेकॅनिक होते. तरीही विमान आखता आले ते वेगळी विद्या शिकून आलेल्या माणसाला, आणि त्याने ती विद्या इतरांनाही शिकवली.

नोकऱ्यांचे विधान अर्धे खरे आहे. इस्रोच्या केंद्रीय भरतीच्या जाहिराती बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर या शाखांसाठी निघतात. एरोस्पेसची पदवी घेतलेला मुलगा त्यात अर्जही करू शकला नाही, असे घडते. इस्रोची खात्रीची वाट तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीतून जाते. तिथे जेईई ॲडव्हान्स्डवरून प्रवेश आणि ठरलेल्या गुणांच्या अटीवर इस्रोत जागा. डीआरडीओ मात्र शास्त्रज्ञांच्या भरतीत वैमानिकी शाखा धरते आणि गेटमध्ये एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर आहे. नासाचे स्वप्न दाखवणाऱ्यांबद्दल एवढेच, की अमेरिकेत अग्निबाण आणि संरक्षणाशी जोडलेले बहुतेक काम निर्यात-निर्बंधांच्या कायद्यामुळे तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी यांच्यापुरते राहते. माहितीपत्रकावर अंतराळवीराचे चित्र छापणाऱ्या महाविद्यालयांना हे ठाऊक नसते असे मानणे कठीण आहे. मेकॅनिकलचा सल्ला देणाऱ्यांपेक्षा या पदवीचे जास्त नुकसान अशा माहितीपत्रकांनी केले आहे.

आणखी एक घोळ तालुक्याच्या ठिकाणी हमखास होतो. वैमानिक होणे, विमान-देखभालीचा परवाना घेणे आणि एरोस्पेसची पदवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. काकडीला शिर्डी विमानतळ ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाल्यापासून ‘विमानाचा कोर्स’ म्हणून तिन्ही एका पिशवीत जातात. विमानतळावर उतरलेल्या विमानाची तपासणी करून सही करणारा अभियंता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) परवान्यावर काम करतो, त्यासाठी बी.टेक. लागत नाही, आणि बी.टेक. असले म्हणून ती सही करता येत नाही.

खऱ्या नसलेल्या अर्ध्याकडे वळू. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला एचएएलचा कारखाना आहे. मिगपासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमाने तिथे जुळली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-1ए उडाले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांची मोटर-कवचे बनतात. तोही साखरेतूनच उभा राहिलेला गाव, हे प्रवरा-संगमनेरच्या वाचकाच्या लक्षात यावे. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास आणि क्रायोजेनिक इंजिनांचे भाग होतात. पुण्यात पिनाक अग्निबाणाची एआरडीई आणि घन इंधनाची एचईएमआरएल या डीआरडीओच्या संस्था आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन विमानांचे भाग बनतात. 2020 नंतर अंतराळक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. हैदराबादच्या स्कायरूटचे विक्रम-एस नोव्हेंबर 2022 मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुलचे ‘अग्निबाण’ याच नावाचे यान मे 2024 मध्ये उडाले. ड्रोनचे नियम 2021 मध्ये सुटसुटीत झाले. यातल्या कितीतरी जागांवर मेकॅनिकलचे लोकच बसतील, हे खरे. कवच वळवायला, जोडायला, तपासायला तेच लागतात. पण कवच किती जाडीचे करायचे हे सांगणाऱ्याची जागाही त्याच कारखान्यांच्या वरच्या मजल्यावर असते, आणि आजवर ते उत्तर बऱ्याचदा परदेशी आराखड्यासोबत आयते यायचे. आखणी देशात होऊ लागली तसे ते आयते मिळणे कमी होत जाईल. एरोस्पेसच्या नोकऱ्या मेकॅनिकलपेक्षा थोड्या आहेत. तशाच एरोस्पेसच्या जागाही थोड्या आहेत, ही दुसरी बाजू कोणी मांडत नाही. आणि पदवीनंतर सॉफ्टवेअरकडे वळणारे एरोस्पेसमध्ये आहेत तसे मेकॅनिकलमध्येही आहेत.

शेतकऱ्याच्या, मराठी माध्यमाच्या मुलाला हे झेपणार नाही, हा आक्षेप उघडपणे घेतला जात नाही, पण सल्ल्याच्या तळाशी असतो. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकलेला, 1980 मध्ये चेन्नईच्या एमआयटीतून वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. ते के. सिवन, पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. या आक्षेपावर याहून जास्त शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

प्रतिवादाचा अर्थ असा मात्र नव्हे, की एरोस्पेस नावाची कुठलीही पाटी दिसली की आत शिरावे. ही विद्या प्रयोगशाळेवाचून पोकळ राहते. कानपूरच्या आयआयटीकडे स्वतःची धावपट्टी आहे आणि विद्यार्थी विमानात बसून मोजमापे घेतात. तेवढे सगळीकडे शक्य नाही. पण चालू स्थितीतला पवनबोगदा, त्यात विद्यार्थ्याने स्वतः घेतलेली दाबाची वाचने, रचनेच्या भारचाचणीची सोय, एखादे उघडून ठेवलेले जेट इंजिन, दरवर्षी मॉडेल विमान उडवणारा आणि पाडणारा विद्यार्थ्यांचा संघ, आणि एरोस्पेसमध्येच शिकलेले किमान काही पूर्णवेळ प्राध्यापक हे मागण्याचा पालकाला हक्क आहे. महाराष्ट्रातल्या काही खासगी विद्यापीठांनी अलीकडे ही शाखा काढली आहे. तिथे फी भरण्याआधी पवनबोगदा सुरू करून दाखवा म्हणावे. दाखवला नाही, तर त्या मुलाने लोणी, संगमनेर किंवा कोपरगावला मेकॅनिकल घ्यावे, मन लावून करावे आणि तिसऱ्या वर्षापासून गेटची तयारी ठेवावी. तो निर्णय शहाणपणाचा. बोगदा सुरू झाला, वाचने मिळाली आणि मुलाचे मन तिथे रमले, तर त्याच्या पसंतीक्रमात वर असलेली एरोस्पेसची ओळ खोडून घेण्याचा अधिकार कुठल्याही मेकॅनिकलवाल्या काकांना नाही.